चेन कुठल्या बाजूला

दादांनी भंगारवाल्याकडून गिअरची जुनी पोलादी सायकल आणली, तीही अजिबात घासाघीस न करता, तेव्हाच त्यांच्या बायकोच्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस साधा कंगवा घेतानाही दुकानदाराला घाम फोडतो, तो गंजलेला सांगाडा मुकाट्याने उचलून आणतो म्हणजे काय? दादांनी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. डॉक्टर व्यायाम करा म्हणाले होते हे खरं होतं, पण त्याला सहा वर्षं झाली होती.

खरं कारण बायकोला ठाऊक होतं. दादांच्या सलूनमध्ये एके काळी दोन खुर्च्या चालायच्या. एक दादांची, दुसरी धाकट्या भावाची, म्हणजे बारक्याची. दोघांत मिळून एक सायकल होती, अशीच जाड टायरची, डोंगरात चालवायची, हिरवी, वरच्या दांड्याला एका बाजूने पोचा पडलेली. बावीस वर्षांपूर्वी बारक्याने ती बाजारात कुलूप न लावता ठेवली आणि ती गेली. आठवड्याने तोच ती कुठून तरी हुडकून घेऊन आला, तोवर तिला कुणी निळा रंग फासला होता. दादांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. आपला पोचा डावीकडे होता, हा उजवीकडे आहे, असं म्हणाले. आपली विकून खाल्लीस आणि दुसऱ्याची आणून दाखवतोस, चोर आहेस, असंही म्हणाले. बारक्याने सायकल वळवली. ती घेऊन तो निघून गेला आणि दुसऱ्या गावात त्याने स्वतःचं सलून काढलं. त्यानंतर भाऊ भेटले ते लग्नाकार्यात, आणि तेही लांबूनच.

अलीकडे दादांना बारक्याची आठवण फार यायची. आपण तेव्हा बरोबर होतो अशी एकदा खात्री पटली की ती आठवण सोसेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून ही सायकल हुबेहूब तशी करायची, अगदी पोचासुद्धा हातोडीने पाडायचा, आणि डोळे भरून एकदा बघायची.

मागच्या गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून काम सुरू झालं. चेन रॉकेलमध्ये भिजत पडली, बेअरिंगचे छर्रे वाटीत गेले, आणि ती वाटी नेमकी आमटीची निघाल्यामुळे दोन दिवस घरात धुसफूस झाली. गंज पॉलिश पेपरने घासून घासून दादांच्या बोटांची सालं निघाली. डावं पेडल तर हलेचना. दादा पान्यावर सगळं अंग टाकून लोंबकळले. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने सांगितलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तुम्ही सोडवत नाही, आवळत बसलाय. दादा घरी आले तर सायकल सीटवर उलटी उभी केलेली, चाकं वर. आता हिची डावी बाजू कुठली? ते एकदा इकडून बसले, एकदा तिकडून. बायको दारात उभी राहून म्हणाली, गिऱ्हाइकाला मान डावीकडे करा सांगता आणि स्वतःच ती धरून उजवीकडे वळवता, तुमच्याकडून दुसरं काय व्हायचं.

पेडल निघालं. हिरवा रंग बसला. चाकं चढली, चेन बसली, गिअर खटखट बदलायला लागले. उरला फक्त पोचा. दादा हातोडी घेऊन सायकलीच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसले आणि नेमकी जागा आठवावी म्हणून त्यांनी डोळे मिटले.

पोचा लख्ख दिसला. त्याच्या खाली चेन दिसली, काळीकुट्ट, ग्रीसने माखलेली. दादांनी डोळे उघडले. समोर चेन नव्हती. ती पलीकडे होती, उजव्या बाजूला.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. पुढचं चाक डाव्या हाताला, वर पोचा, खाली चेन. आपल्या सायकलीची चेन डावीकडे होती की काय? ते तसेच हातोडी घेऊन पंक्चरवाल्याकडे गेले.

"दादा, चाळीस वर्षं सायकली उलट्यापालट्या करतोय," पंक्चरवाला म्हणाला. "चेन डावीकडे असलेली एक बघितली नाही. तुमच्याकडे असेल तर आणा, मीही बघतो."

दादांचं डोकं पार चक्रावलं. पोचा डावीकडे हे नक्की, कारण ते डोळ्यांसमोर होतं. पोच्याखाली चेन हेही नक्की. दोन्ही मिळून मात्र जगात कुठल्याच सायकलीला बसत नव्हतं. त्यांनी खडूने डाव्या बाजूला एक गोल काढला, मग उजव्या बाजूला एक काढला, आणि हातोडी ठेवून दिली. जेवताना ते भाजीत पाणी ओतून बसले, तेव्हा बायकोने फर्मान काढलं की उद्या हे धूड दुकानात गेलं पाहिजे.

दुकानात आरशासमोर दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर बावीस वर्षं चादर टाकलेली. आरशासमोरच्या, म्हणजे खुर्च्यांच्या मागच्या भिंतीला दादांनी सायकल टेकवली, सवयीनेच, चेन बाहेरच्या बाजूला ठेवून. मग दाढीला हेडमास्तर आले. दादांनी त्यांच्या गालाला फेस लावला, एका गालावर वस्तरा फिरवला, आणि वस्तरा पुसताना सहज आरशात पाहिलं.

तीच होती. पुढचं चाक डाव्या हाताला, दांड्यावर खडूचा गोल, खाली चेन. दादांनी मागे वळून पाहिलं. चाक उजव्या हाताला. पुन्हा आरशात पाहिलं. डाव्या. ते चार वेळा वळले. हेडमास्तरांनी काय झालं म्हणून विचारलं, पण दादांना ऐकू आलं नाही. जुनी सायकलही रोज याच भिंतीला टेकलेली असायची, आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं पाहिली होती ती गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून, उजव्याचं डावं करणाऱ्या आरशात. पोचा चेनच्याच बाजूला होता, उजवीकडे. बारक्याने आणली होती ती सायकल त्यांचीच होती.

नंबर बायकोकडे होता, तिने तो कधीच टाकून दिला नव्हता. दादांनी घरी फोन करून तो तिच्याकडून घेतला आणि दुकानात तिथेच उभं राहून बारक्याला फोन लावला.

"बारक्या, पोचा उजवीकडेच होता."

पलीकडे कात्री चालू होती, ती थांबली.

"आरशात दिसला का?" बारक्याने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"मी दुकान काढलं त्या पहिल्याच दिवशी ती मागच्या भिंतीला लावली. आरशात बघितलं आणि तुझं काय चुकलं ते कळलं."

"मग सांगायचंस ना रे."

"डाव्याउजव्यात चुकलास एवढंच असतं तर सांगितलं असतं, दादा. तू मला चोर म्हणालास."

 दादांनी चादर टाकलेल्या खुर्चीची पाठ धरली. बारक्याने फोन ठेवला नाही.

"खुर्चीत कोणी आहे का तुझ्या?" त्याने विचारलं.

"आहे. अर्धी दाढी झालीय."

"मग ती पुरी कर आणि ये. वहिनीला बरोबर घे. तू एकटा निघालास तर डावीकडे वळ म्हटल्यावर उजवीकडे जाशील."

दादा हसायला गेले आणि रडले. हेडमास्तरांनी ते आरशात पाहिलं आणि गालावरचा फेस तसाच वाळू देत डोळे मिटून घेतले.