तिसऱ्या खणातलं कार्ड

मी वाचनालयातली एक जुनी तालिका-पेटी आहे, पुस्तकांच्या नोंदींची कार्डं ठेवायची. सागवानी, तीन खणांची, पितळी कड्यांची. मित्रांनो, अशा गोष्टीत वस्तू गोड गोड बोलतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. माझं निम्मं आयुष्य लोकांनी चुकीचा खण उघडलेला बघण्यात गेलं आणि तो राग अजून उतरलेला नाही.

बीडच्या ख्वाजा मिस्त्रींनी मला घडवलं. लिंबागणेशच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात दूध सोसायटीने वाचनालय काढलं, तेव्हा मी बैलगाडीत बसून तिथे आले. ग्रंथपाल उत्तरेश्वर यांनी प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं लिहिली. पहिल्या खणात लेखकाच्या नावाचं, दुसऱ्यात पुस्तकाच्या नावाचं, तिसऱ्यात विषयाचं. लेखक ठाऊक असेल तर पहिला खण उघडा. पुस्तकाचं नाव ठाऊक असेल तर दुसरा. दोन्ही ठाऊक नसतील, नुसती अडचण ठाऊक असेल, तर तिसरा. आता यात अवघड ते काय, सांगा बरं!

पण आमच्या गावाची चौकशी नेहमी 'कुणाचं?' इथून सुरू होते. शेत दिसलं, कुणाचं? पोर दिसलं, कुणाचं? पुस्तकाचंही तेच. लोक येऊन भगवानरावांचं पुस्तक मागायचे. भगवानराव सोसायटीचे चेअरमन. त्यांनी पुस्तकं भेट दिली होती, जन्मात ओळ लिहिली नव्हती. तरी लोक पहिल्या खणात त्यांचं नाव शोधायचे आणि सापडलं नाही की माझ्यावर थाप मारून निघून जायचे. पहिल्या खणाची कडी घासून चकचकीत झाली. तिसऱ्याला कुणी हात लावेना. बंद राहून राहून तो अडकू लागला.

मग शहाऐंशी सालचा दुष्काळ आला. पाऊस श्रावणात एकदा तोंड दाखवून गेला, तेवढ्यावर ज्वारी वीतभर उगवली आणि तिथेच खुंटली. वैरण संपली होती. एका सकाळी छबुबाई वाचनालयात आल्या. त्यांच्याकडे एकच गाय होती, कपिली. तिच्या दुधाचा सोसायटीतून येणारा पगार हाच त्यांच्या घराचा आधार होता.

उत्तरेश्वर चाऱ्याची गाडी आणायला माजलगावला गेले होते. त्यांच्या जागी बंकट बसला होता. एरवी तो सोसायटीत दूध मोजायचा.

"बंकटभाऊ," छबुबाई म्हणाल्या, "खुंटल्याली ज्वारी हिरवी घातली की किराळ लागती, जनावर उभ्या उभ्या पडतं, ती मला म्हाईत हाय. पर कापून वाळवली तर चालती का? अन् किती वाळवायची? मागं मीटिंगला जनावरांचे डाक्टर म्हणलेते, तुमच्या वाचनालयात पुस्तक हाय म्हणून."

"कुणाचं हाय पुस्तक?" बंकटने विचारलं.

"ती काय म्हाईत न्हाई, बाबा."

"नाव?"

"नाव म्हाईत असतं तर तुला कावून इचारलं असतं?"

बंकटने दुसरा खण ओढला आणि 'गाय' शोधू लागला. एक बालकथा निघाली, एक भजनांचं पुस्तक निघालं. छबुबाई आशेनं त्याच्या हाताकडे बघत होत्या. मी आतल्या आत तडफडत होते. अरे, पुस्तकाचं नाव आहे 'कोरडवाहू वैरण'! त्या नावात गाय कशी सापडेल? शेवटी त्याने तिसऱ्या खणाला हात घातला. माझा जीव कडीत गोळा झाला. त्याने एक हिसका दिला, खण अडकला आणि त्याने हात काढून घेतला.

"ह्यो काय उघडत न्हाई. असलं पुस्तक न्हाई बघा आपल्याकडं."

एवढं ठामपणे कशाला सांगावं माणसानं? सापडलं नाही म्हणावं. नाही म्हणू नये.

छबुबाई गेल्या. घरी कपिली उपाशी हंबरत होती. त्यांनी ज्वारी कापली, दिवसभर उन्हात पसरली आणि कोमेजलेली बघून संध्याकाळी तिच्यापुढे टाकली.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर परतले, तेव्हा कपिली गेल्याची बातमी गावभर झाली होती. बंकटने खाली मानेनं सगळं सांगितलं. उत्तरेश्वरांनी मला भिंतीपासून ओढलं, मागून ठोकून तिसरा खण मोकळा केला आणि स्वतःशीच पुटपुटले, "इचारायचं कशाबद्दल? नुसत्या गाईबद्दल न्हाई. ज्वारीबद्दल. ज्वारीनं काय झालं? विषबाधा." कार्ड लगेच हाताला लागलं. 'ज्वारी – विषबाधा – जनावरे'. पुस्तकात लिहिलं होतं की खुंटलेली ज्वारी नुसती कोमेजून चालत नाही, कडकडीत वाळावी लागते, आणि शंका आली तर लगेच पशुवैद्याला बोलवावं.

उत्तरेश्वरांनी ते पान सोसायटीत दूध घालायला आलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. मग छबुबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मला लाथ बसणार, आणि बसली असती तरी मी काही म्हटलं नसतं.

"उत्तरेश्वरभाऊ," त्या म्हणाल्या, "विषबाधा का काय त्यो तुमचा शबुद झाला. आमच्यातली बाई येऊन किराळच म्हणंल. तसं बी एक कार्ड टाका आत."

उत्तरेश्वरांनी तिथेच बसून लिहिलं: 'किराळ – पहा: ज्वारी – विषबाधा'. छबुबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते कार्ड हातात घेऊन बघितलं, डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने तिसऱ्या खणात ठेवलं.

आता संगणक आला आहे. माझ्यावर चहाचे कप ठेवतात, पहिल्या खणात किल्ल्या आणि खिळे पडलेले असतात. परवा एक मुलगी आली, तिने नुसतं 'पाणी' असं टाइप केलं, ढीगभर नावं आली आणि वैतागून ती उठली. त्याच पडद्यावर लेखक, शीर्षक, विषय असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पाणी म्हणजे कुठलं गं बाई? विहिरीचं, प्यायचं, ठिबकचं? मला ओरडावंसं वाटलं.

मित्रांनो, मला भंगारात द्यायचं असेल तर खुशाल द्या. पण शोधायला बसाल तेव्हा आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी मनाशी ठरवा, मग त्याच्या खणात हात घाला, आणि एक खण अडकला म्हणून उठून जाऊ नका. आणि मला न्यायच्या आधी तिसरा खण जरा उघडून बघा. छबुबाईंनी ठेवलेलं कार्ड अजून तिथेच आहे.