मोठ्याने वाचणारी बया

तुम्ही चोर आहात. नाव घेत नाही, कारण तुमचं नाव मला ठाऊक नाही. लॅपटॉपवरच्या ज्या एडिटरमध्ये मी कथा लिहितो त्याची बटणं जे कोणी बसवतात, ते तुम्ही.

उन्हाळ्यात तुम्ही न विचारता अपडेट घुसवलंत. मी लॅपटॉप उघडला, कालच्या कथेत एक ओळ घातली, आणि आतून एक बाई अख्खी कथा खणखणीत वाचायला लागली. घरभर आवाज! सेटिंगमध्ये ‘मोठ्याने वाचा’ सापडून ते बंद करेपर्यंत ती शेवटाला पोचली होती.

दारात आमची आई, सुलाबाई, शेळीला पाला टाकत होती. तिला अक्षर येत नाही.

“धुळा, कोण रं ती बया?”

“कोण न्हाई. मशीन हाय.”

“मग मशीनला माझं नाव कसं ठावं?”

कारण कथा तिचीच होती. मेंढरं घेऊन म्हसवडहून घाटाकडं निघालेली सुलाबाई. कथेला वजन यावं म्हणून मी तिला कोरेगावच्या अलीकडं मारली होती.

“आवं आत्याबाई, गोष्टीत मरत्यात माणसं,” माझी बायको मंगल हसू दाबत म्हणाली.

“मरू द्यात की! पर कोरेगावात? तिथं माझ्या मातीला कोण येणार? बदल ते. आन् बयाला पुन्यांदा बोलीव.”

केलं चालू. मग रोज दुपारी आई भिंतीला टेकून बसायची, मी लिहायचो, बया वाचायची. आईनं कथेत कुत्रं घालायला लावलं. एका मेव्हण्याला कथेतून हाकलायला लावलं. मी पुढाऱ्यांवर लिहायला लागलो की बटण बंद करायचो, तर लगेच, “गप का केलीस तिला? शिव्या लिवतूस व्हय? आयकू दे की!” पुन्हा चालू.

परवा शेवट बदलला. सुलाबाई घाट चढून जाते, टपरीवर बसून बशीतनं चहा पिते, चहा पाणचट म्हणून टपरीवाल्याशी भांडते. पक्की जिवंत. आईला हाक मारली आणि बटण दाबायला गेलो, तर बटणच नाही! रात्रीत तुमचं आणखी एक अपडेट होऊन गेलेलं.

सेटिंगमधलं दिसेल ते चालू केलं. पडदा काळा झाला. ओळींच्या कडेला मेंढरांच्या कानातल्या बिल्ल्यासारखे आकडे आले. शब्द मोजून मिळाले. सगळं बंद केलं, परत चालू केलं. बया काही बोलेना.

“आई, मी वाचतो.”

“तू? एकदा मारलीस मला. वाचताना गाळशील. बया गाळत न्हाई.”

“सिद्धनाथाची आण, गाळणार न्हाई.”

“देवाला मधी घेऊ नगंस. बया आण.”

मंगल पुढं झाली, तर म्हणे, “तू त्याची बायकू. त्याच्याच बाजूची.”

न विचारता आणलंत, न विचारता नेलंत. याला आमच्याकडं चोरीच म्हणतात. जुनं झालं, कोणी वापरत नव्हतं, असली कारणं मला सांगू नका. आमची म्हातारी वापरत होती. ती आत्ता भिंतीला टेकून बसलीय, आणि घाट चढताना आपण मेलो की जगलो हे तिला तुमच्या बयेच्या तोंडून ऐकायचंय.

ते बटण कुठं ठेवलंत? बोला.