वाळवंटातलं जहाज आणि उकडलेली अंडी

इकीके बंदर सोडल्यापासून एदुविना आजी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसली होती, आणि त्यात निबाल्दोच्या गाडी हाकण्याचा काही दोष नव्हता.

"आई, ठरलंय ना?" लेकानं आरशातून मागे बघितलं. "जहाज दिसलं तर तू म्हणशील ते खरं. नाही दिसलं तर मिलेनाला गोष्टी सांगणं बंद. पोरीनं वर्गात छातीठोक सांगितलं, माझी आजी वाळवंटात जहाजात पोहायची म्हणून. अख्खा वर्ग हसला तिला."

"हसू देत," मिलेना एम्पनादाची तिखट करंजी चावत म्हणाली. "आजी पोहायचीच."

आजी खिडकीबाहेर बघत राहिली. गोष्टी बंद म्हणजे तोंडच शिवून टाकल्यासारखं. पण खरी पंचाईत निराळीच होती. जन्मभर तिनं इतक्या थापा हाणल्या होत्या, की जहाज खरंच होतं की आपल्याच डोक्यातनं निघालं, हे आता तिचं तिलाच आठवेना.

सोऱ्याची खाण बंद पडली तेव्हाच आजीचं वाळवंटातलं गाव ओस पडलं. तरी नोव्हेंबर आला की जुनी माणसं येतात, आपापल्या घराचा उंबरा झाडतात आणि तिथंच चहा मांडतात. आजीनंही छप्पर उडालेल्या आपल्या घराचा उंबरा झाडला. झाडतच राहिली.

"भोक पडेल त्या उंबऱ्याला," निबाल्दो म्हणाला. "चल, जहाज दाखव."

नाटकघराला वळसा घातला, तर मागे भलामोठा लोखंडी हौद. गंजलेला, कोरडा ठणठणीत.

"हौद आहे," निबाल्दो म्हणाला. मिलेनाचं तोंड एवढंसं झालं.

पलीकडे भिंतीच्या सावलीत एक म्हातारा चहा पीत बसला होता. समोरच्या गल्लीतला एवारिस्तो. आजीनं त्याला नाकावरनं ओळखलं.

"हौदच आहे, बाबा," तो म्हणाला. "पण पत्रा बघ. बंदरात जहाज फुटलं होतं, त्याचे तुकडे आगगाडीनं वर आणले आणि ठोकून पोहायला हौद केला. तुझी आई उडी मारायची, निम्मं पाणी बाहेर, आणि मार आम्हाला."

निबाल्दोनं वाकून पत्र्यावरच्या खिळ्यांच्या रांगेवर हात फिरवला.

आजी मटकन काठावर बसली. "म्हणजे खरंच होतं होय. आणि मी आपली समजत होते, ही माझी सगळ्यात झकास थाप."

"मग तुझ्या गोष्टीतली ती कोंबडीपण खरी," मिलेना म्हणाली. "जमीन तापायची म्हणून उकडलेलीच अंडी घालणारी."

"ए, एक जहाज निघालं म्हणून मागनं कोंबडी येत नाही," निबाल्दो म्हणाला.

"बाबा, तूच म्हणालास. जहाज दिसलं तर आजी म्हणेल ते खरं."

मिलेना म्हाताऱ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही पाहिलीत ती कोंबडी?"

एवारिस्तोनं चहावर फुंकर मारली, एदुविनाकडे बघितलं, निवांत एक घोट घेतला.

"तुमच्या गल्लीतली नुसतीच उकडून द्यायची होय?" तो म्हणाला. "आमच्याकडची मीठ लावून द्यायची."