डोळे मिटून माझ्यापर्यंत

मी एक जुना नळ आहे आणि जन्मापासून उलटा आहे. हसू नका, मित्रांनो. बाकीचे नळ मान खाली घालून पाणी सोडतात. माझी मात्र दोन्ही तोंडे वर छताकडे. शाळेच्या प्रयोगशाळेत, दाराजवळच्या भिंतीला मला बसवले आहे. कुणाच्या डोळ्यात रसायन उडाले, तर त्याने माझ्यावर वाकायचे, बाजूची हिरवी पट्टी ढकलायची आणि मी खालून हलक्या धारा सोडायच्या. कारखान्यात मला तपासणाऱ्या कारागिराने स्वतःचा चेहरा माझ्यावर धरून पाहिला होता. "धार अजून मऊ कर रे," तो जोडीदाराला म्हणाला होता, "डोळा धुवायचाय, बादली नाही."

मी इथे आलो तेव्हा विज्ञानाच्या बाई तरुण होत्या. त्यांनी नुसते पाहिले तरी मागच्या टेबलावरची कुजबुज थांबायची. दर शनिवारी त्या मला उघडत आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू देत. ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरत, त्यामुळे नासाडीचा ठपका माझ्यावर कधी आला नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती. नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला बर्नर पेटतच नसे. प्रत्येकाने आपल्या जागेवरून डोळे घट्ट मिटून, टेबलाच्या कडेला हात लावत माझ्यापर्यंत यायचे आणि पट्टी ढकलायची. मुले याला ‘आंधळी चाल’ म्हणत. कुणी खिडकीच चाचपत बसे, तर कुणी बाईंचाच हात धरी. हसून हसून पुरेवाट होई. पण वाटेत कुणाचे दप्तर पायात आले की बाईंचा पारा चढे. "डोळ्यात काही गेलं की डोळे उघडत नाहीत! ही वाट पायांना पाठ हवी."

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. माणूस मनाने चांगला, पण कायम घाईत. आंधळी चाल त्यांना पोरखेळ वाटली. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी प्लास्टिकची पिशवी बांधली आणि समोर मोडकी स्टुले रचून ठेवली. मुले माझ्यावर ॲप्रन टांगू लागली. एवढी महागाची खुंटी दुसऱ्या कुठल्या शाळेत नसेल. मला फार वाईट वाटे.

मग एकदा बाई सहज भेटायला आल्या. केस पांढरे झाले होते, चाल संथ झाली होती.

"आपली आंधळी चाल चालू आहे ना?" त्यांनी विचारले.

"तेवढा वेळच मिळत नाही हो, बाई," सर म्हणाले.

बाई पार टोकाच्या टेबलापाशी गेल्या, डोळे मिटले आणि चालू लागल्या. सर "थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत स्टुले धडाधड कोसळली होती. बाईंनी मलाच धरून तोल सावरला, गुडघा चोळला, पिशवी ओढून काढली आणि पट्टी ढकलली. मी आधी खोकलो, मग माझ्यातून गंजके, गढूळ पाणी आले. त्या क्षणी मला भिंतीत शिरावेसे वाटले.

"या पाण्यानं कुणाच्या लेकराचा डोळा धुणार तुम्ही?"

"चुकलं, बाई," सर म्हणाले आणि बाह्या सरसावून स्वतः स्टुले उचलू लागले. तेव्हापासून माझा शनिवार परत आला आणि आंधळी चालही.

त्यानंतरच्या वर्गात एक मुलगी होती. एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिला आंधळी चाल इतकी आवडली, की ती पुन्हा पुन्हा येऊन पट्टी ढकलू लागली. "पुरे ग बाई, नळ कंटाळला," सर म्हणाले. मी मुळीच कंटाळलो नव्हतो.

एके दिवशी अमोनिया ओळखण्याचा प्रयोग होता. परीक्षानळीतल्या क्षारात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून तापवायचे होते. भिंगरीचे नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी आटोपले. आपले झाले म्हणजे सगळ्यांचे झाले, अशा थाटात तिने संरक्षक चष्मा काढून खिशात टाकला आणि भांडी धुवायला ती बेसिनकडे गेली. शेजारच्या मुलाने आपल्या नळीचे तोंड शिस्तीत रिकाम्या बाजूला, बेसिनकडेच धरले होते. ती बाजू आता रिकामी नव्हती. नळीतले द्रावण एकदम उसळले आणि भिंगरीच्या उजव्या डोळ्यात उडाले.

ती किंचाळली. शेजारचा मुलगा पांढराफटक पडला. सर दुसऱ्या टोकाला होते. कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला की क्षणाक्षणाला इजा वाढते, दृष्टीही जाऊ शकते. मी भिंतीला जखडलेला, धावून जाणे माझ्या नशिबात नाही. ये ग पोरी, ये, एवढेच मी मनात म्हणत होतो.

आणि ती आली. डोळे घट्ट मिटलेले, एक हात टेबलाच्या कडेवर. वाटेत ना दप्तर होते, ना स्टूल. तिने पट्टी ढकलली आणि माझ्यातून नितळ पाणी उसळले. तोवर सर धावत पोचले.

"डोळा उघडा ठेव, बाळा. झोंबलं तरी उघडाच ठेव," म्हणत त्यांनी तिच्या पापण्या बोटांनी धरून ठेवल्या. तास संपल्याची घंटा झाली, पुढचा वर्ग दारात येऊन ताटकळला, तरी त्यांनी मला थांबू दिले नाही. मग तिला तडक दवाखान्यात नेले.

त्यानंतर शेजारचा मुलगा रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभा राही. माझाही जीव टांगणीला लागला होता. शेवटी एका सकाळी भिंगरी आली. डोळा अजून लाल होता.

"दिसतंय रे मला," ती त्याला म्हणाली. "लगेच पाणी मिळालं म्हणून डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले."

तो रडूच लागला. "मी बघितलं होतं ग, तिथं कुणी नव्हतं."

"नव्हतंच. मी मधे आले. आणि चष्मा पण मीच काढला."

त्या दिवसापासून सरांनी नियम केला, की खोलीतला शेवटचा बर्नर विझेपर्यंत कुणीही चष्मा उतरवायचा नाही.

मित्रांनो, प्रयोगशाळेत पाऊल टाकलेत की माझ्यासारखा नळ कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. त्याची वाट मोकळी ठेवा. आपले आटोपले, तरी शेजाऱ्याचे अजून चालू असते हे विसरू नका. माझी गरज कुणालाही पडू नये, असे मला मनापासून वाटते. तरीही आठवड्यातून एकदा मला उघडत जा. आमच्याकडे आता हे काम भिंगरीने मागून घेतले आहे. पाणी स्वच्छ आले, बादली भरली, तरी ती लगेच जात नाही. दोन्ही डोळ्यांनी माझ्या धारांकडे बघत थोडा वेळ उभी राहते.