सायलेन्सर आणि तिसरा घास

इश्वरने नागपूरहून आपल्या फियाट टॅक्सीला नवा सायलेन्सर आणला आणि घरात पाऊल टाकताच सांगितलं, "फ्री-फ्लो हाय, माय!" निर्मलाबाईंना त्यातलं 'फ्री' तेवढं कळलं. लेकाला वस्तू फुकटात मिळाली म्हणून त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

"फुकट नाही वो, माय," सून कौशल्या हसून म्हणाली. "धूर मोकळा निघते म्हनून फ्री."

धूर मोकळा निघाला खरा. कारध्याच्या पुलाकडचा चढ टॅक्सी आता भरल्या सवाऱ्यांनिशी दम न खाता चढे. जुना सायलेन्सर गंजून बुजल्यापासून हिरमुसलेला इश्वर शिट्टी वाजवत गाडी पुसू लागला. पण आवाज! गाडी गल्लीत वळली की फळीवरची भांडी खणखणत.

निर्मलाबाईंचा चातुर्मासाचा नेम होता. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही मौनाने, आणि जेवताना कर्कश आवाज कानी पडला की हातातला घास ठेवून पानावरून उठायचं. दुपारी नैवेद्य दाखवून त्या बसत, दोन घास होत, आणि नेमका इश्वर जवाहरनगरच्या सवाऱ्या सोडून घरी येई. धडधडाट! त्या हात धुवायला उठत. मग दुसऱ्या दुपारपर्यंत पाणीच.

सांगावं तरी कसं? कितीतरी महिन्यांनी लेकाच्या तोंडावर हसू आलं होतं. नेम आपला, तर उपासही आपलाच, असं त्या मनाशी म्हणत. "त्याईले सांगू का?" कौशल्या विचारी, तर ओठांवर बोट ठेवत. तुळशीला प्रदक्षिणा घालताना मात्र हल्ली वृंदावनाचा आधार घ्यावा लागे.

एका दुपारी पेट्रोल पुलावरच संपलं. इश्वर पायी घरी आला आणि दारातच थबकला. माय जेवत होती. भात संपवून तिने पुन्हा भात घेतला, वरण घेतलं, पान पुसून खाल्लं. एरवी तो येई तेव्हा तिचे हात धुऊन झालेले असत.

"आज मायले इतकी भूक काहून लागली?" त्याने हळूच विचारलं.

"आज तुमची गाडी नाही आली ना," कौशल्या म्हणाली, आणि मग तिने सगळंच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इश्वरने मायला गाडीत बसवून भंडाऱ्याला बाबूलालच्या गॅरेजात नेलं. "काढ हा, भाऊ. एकदम मुका लाव. याच्या आवाजानं माय पानावरून उठते, नेम हाय तिचा."

बाबूलालने जाड, लांबट सायलेन्सर बसवला. शेजारच्या टपरीवर चहाची किटली उकळलेली ऐकू यावी इतका आवाज उतरला. पण चढावर नेली तर गाडी पुन्हा धापा टाकू लागली. "चालते," एवढंच इश्वर म्हणाला. गॅरेजात परतताना निर्मलाबाईंनी त्याचा चेहरा पाहिला.

"बाबूलाल, याच्या गाडीले श्वास घेता यावा आन् मले घास, असं काही नाही का रे?"

"मावशी, तुमचा नेम लय कडक!" बाबूलाल हसला. "हाय ना. पाइप आधीचाच मोकळा ठेवतो, मंधात एक डबा जोडतो. आवाज त्या डब्यात घुमून घुमून थकते. पन मुका नाही होनार, आधीच सांगतो."

डबा जोडून त्याने इंजिन सुरू केलं. निर्मलाबाईंनी डोळे मिटले. भजनातल्या मृदंगाच्या डाव्या बाजूसारखा खर्जातला घुमारा.

"हा ओरडत नाही," त्या म्हणाल्या. "बोलते."

"पक्कं ना, माय? नाहीतर पुन्हा उपाशी उठशीन."

"पानावर बसल्यावर कळन."

दुपारी नैवेद्य झाला. दोन घास झाले. गाडी गल्लीत वळली तशी कौशल्या वाढता वाढता थांबली. फळीवरची भांडी गप्प होती. घुमारा जवळ आला, अंगणात थांबला. निर्मलाबाईंचा हात पानावर क्षणभर थबकला. मग त्यांनी वरणाकडे बोट दाखवलं आणि तिसरा घास घेतला.

चपला न काढताच इश्वर दारातून वाकून पाहत होता. निर्मलाबाईंनी समोरचा पाट हाताने त्याच्याकडे सरकवला.