तोंडावर नापास

पुढ्यात मुळ्याचं लोणचं आलं आणि हाचिया तोकुजींना कळलं, की आपण आता मरणार.

हृदय थकल्यापासून त्यांच्या घरात मिठावर पहारा होता. सोयाबीनचं मिसो सूप इतकं पांचट, की वाटीच्या तळावरची नक्षी स्वच्छ दिसावी. पत्नी फुसाए ही त्या पहाऱ्यावरची फौजदार. आणि आज दवाखान्यातून घरी येताच हीच बाई हसून म्हणाली, "अहो, अजून एक फोड घ्या ना."

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"काही नाही. तब्येत जपा म्हणाली."

"म्हणून लोणचं?"

"तुम्हाला आवडतं म्हणून."

"आवडतं ते लग्नाच्या आधीपासून. तुला आज कळलं?"

सेंदाई शहरातून आलेला मुलगा केंगो लगबगीनं त्यांच्या पाठीशी उशी लावायला आला. एरवी हा नववर्षाला उगवायचा, तोही मोबाइलमध्ये मान घालून. तोकुजींनी उशी भिरकावली. त्या श्रमानं धाप लागली, तेव्हा ती पुन्हा मागून घ्यावी लागली. त्यामुळे ते जास्तच भडकले.

सकाळी रक्ताचे रिपोर्ट आले, तेव्हा डॉक्टर इनुई फुसाए आणि केंगोला बाजूच्या खोलीत घेऊन गेली होती. दार लावून. तोकुजी बाहेर बाकावर. वाईट बातमी आधी घरच्यांना सांगायची, आणि रोग्याला सांगायची ती शक्यतो नाहीच, ही जुन्या माणसांची रीत. सुई तोकुजींच्या दंडात, रक्त तोकुजींचं, आणि आकडा तेवढा इतरांचा!

"केंगो, गाडी काढ," ते गरजले. "फुसाए, तूही चल."

"बाबा, तुम्ही आराम—"

"आराम पुढे भरपूर आहे, असंच सांगितलंय ना तुम्हाला?"

फुसाएनं लोणच्याची वाटी आणखी पुढे सरकवली. तेवढं उत्तर पुरे होतं.

त्या गावात डॉक्टरला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत आणि गाडी शिकवणाऱ्यालाही सेन्सेई. तोकुजींची उभी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. अर्ध्या गावाला ब्रेक कुठे असतो ते त्यांनी ओरडून शिकवलं होतं. इनुईलाही.

"सेन्सेई!" त्यांना पुन्हा दवाखान्यात शिरताना पाहून ती ताडकन उभी राहिली.

"बस, सेन्सेई. तुला मी दोनदा नापास केलं होतं. आठवतं?"

"हो. गाडी मागे घेताना."

"काय म्हणालो होतो?"

"नापास. उद्या पुन्हा ये."

"कोणाला म्हणालो? तुला, की तुझ्या आईला? आईला बाजूच्या खोलीत नेऊन सांगितलं का, की पोरीचं काही खरं नाही, तिला कळू देऊ नका, गोडधोड खाऊ घाला?"

इनुई कानापर्यंत लाल झाली. "घरच्यांनीच विनंती केली होती, सेन्सेई."

"रक्त घरच्यांचं होतं?"

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हा आकडा हृदयावरच्या ताणाचा. हा मूत्रपिंडांचा. दोन्ही चढलेत. असं रक्त असलेल्या शंभर जणांपैकी चाळीसएक जण वर्षभरात जातात."

"मी चाळिसातला, की साठातला?"

"ते रक्तावरून कळत नाही."

"मग दार कशाला लावलं होतंस?"

तोकुजींनी फुसाएच्या पर्समधून तिचं लायसन्स काढलं आणि टेबलावर आपटलं. त्यावर सोनेरी पट्टी होती. वाहतुकीचा एकही नियम न मोडणाऱ्यालाच ती मिळते. तोकुजींना ती नव्हती. एका कोपऱ्यावर थांबायचं राहिलं, एवढ्यावरून गेली. फुसाएनं मात्र परीक्षेनंतर स्टीअरिंगला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"सरकारी हिशेबानं ही माझ्याहून चांगली गाडी चालवते. असे असतात तुमचे आकडे!" त्यांनी दम घेतला. आवाज खाली आला, राग नाही. "आमचं घर टेकडीवर. बस बंद झाली. बाजार खाली, दवाखाना खाली. मी गेल्यावर हिला कोण आणणार? हा? हा नववर्षाला येतो. मला वर्षच असेल, तर हिला शिकवायला तेवढंच आहे. आणि त्यातली आजची सकाळ तू मला बाकावर बसवून घालवलीस!"

इनुईनं खाली वाकून माफी मागितली. तोकुजी तोवर दारापाशी पोचले होते.

पार्किंगमध्ये त्यांनी केंगोला मागच्या सीटवर हाकललं. "मी चाळिसातलाच, असं धरून चालायचं. फुसाए, बस स्टीअरिंगला."

"अहो, माझे हात थरथरतात."

"माझं हृदय थरथरतं. बस!"

चढावर गाडी कासवासारखी निघाली. शेजारी बसलेल्या तोकुजींचा पाय तिथे नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा. "आरसा! आरसा बघ! तो पावडर लावायला नाही! डावीकडे घे! अगं, डावा हात कुठला ते तरी—"

फुसाएनं रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक लावला. केंगो पुढच्या सीटवर आदळला.

"ओरडायचं असेल तर उतरा आणि चालत या!" ती कडाडली. "दोन पावलांत धाप लागेल, मग कळेल! आणि ते लोणचं उचलून ठेवणार आहे मी. आज बिनमिठाचा भात खायचा, मुकाट्यानं!"

तोकुजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. सकाळपासून घरात शिरलेली ती गोड, हसरी बाई गेली होती.

"नापास," ते खेकसले. "उद्या पुन्हा."