उलट्या मोरांची चादर

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे, आणि माझे निम्मे मोर उलटे आहेत.

मित्रांनो, दोष मोरांचा नाही, चहाचा आहे. मागावर नक्षी ठरवणाऱ्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. निम्मी चादर झाली की ही माळ उलटी फिरवायची, म्हणजे दोन्ही टोकांचे मोर मधल्या चौकटीकडे माना करून उभे राहतात. माझ्या वेळी नेमका चहा आला. विणणारा नरसय्या गप्पांत रमला, माग सरळच चालत राहिला, आणि पायाकडच्या मोरांनी चौकटीकडे पाय केले. नवी पेठेच्या बाजारात मी चुकीचा माल म्हणून स्वस्तात विकली गेले.

मला विकत घेणाऱ्या अंबुबाईंच्या घराला मी पुष्कळ वर्षे ऊब दिली. कडा विरल्या तशी त्यांनी कात्री काढली. "हिची लई चांगली पायपुसणी हुतील."

सहावीतल्या सोनालीने मला कवटाळले. "आई, नगं कापू! उद्या साळंत सममितीची नक्षी न्यायची हाय."

"ही चुकलेली? ने की. पोरं हसली तर आल्यावर तूच कापायचीस."

वर्गात टॉवेल-चादरींचा ढीग पडला होता, सोलापूरच ते. बुद्धप्रिया बाई प्रत्येकाला उभी घडी घालायला लावत, मग आडवी. नक्षीवर नक्षी बसली की विचारत, "अक्ष किती?" वर्ग ओरडे, "दोन!"

माझी पाळी आली. उभ्या घडीत चोचीवर चोच बसली. आडव्या घडीत मानेवर पाय आले.

"बाई, हिचा मोर शीर्षासन करतोय की!" रत्नदीप ओरडला. वर्ग खदखदला. माझा धागा न् धागा आकसला.

सोनालीने नाक पुसले. मला पुन्हा पसरले. मधला भाग एकदा दुमडला, मग उलट बाजूने परत दुमडला, आणि पायाकडचा मोर डोक्याकडच्या मोरावर आणला. चोचीवर चोच, नखावर नख!

"बाई, अक्ष एकच हाय. पण दोनदा दुमडलं की मोर सरळ हुतोय, नुसता पुढं सरकतोय!"

"अगं, सरकवूनही नक्षी जुळते, हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते!" बाई टाळ्या वाजवू लागल्या. रत्नदीप पुढे घुसला. "सरक की, आता मी दुमडतो!"

संध्याकाळी बाई घरी आल्या, मला शाळेसाठी मागायला. अंबुबाई ताठ उभ्या राहिल्या.

"न्या की. पण सावलीत वाळवा. आन् घडी दर बारीला बदला, एकाच घडीवर कापड लवकर फाटतंय."

मित्रांनो, साऱ्या जुन्या कापडांची हीच विनवणी आहे. कापण्याआधी आम्हाला एकदा पुरते उलगडून बघा. मी आता शाळेत राहते, आणि माझी घडी कोणी घालायची यावरून सहावीत रोज भांडण होते.